नवी भिंगं आणि पेन्सिलीची वही

धम्मपालरावांच्या दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसली, डोळ्यांवरची हिरवी पट्टी निघाली, आणि त्यांच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं होतं, "या घरात इतकी जळमटं कधीपासून आहेत?"

त्यांची सून संघरत्ना शाळेत शिकवायला जायच्या घाईत पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पहिल्यापासून आहेत, पप्पा. डोळे नवीन आहेत, घर जुनंच आहे."

धम्मपालरावांना हे लागलं. चौतीस वर्षं कचेरीत जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवलेला माणूस. त्या खिडकीपुढे नुकतं जन्मलेलं मूल रडत यायचं, मयताची माणसं रडत यायची, आणि आत बसलेले धम्मपालराव दोघांनाही एकाच शांत आवाजात सांगायचे, "कागद अपुरा आहे, उद्या या." अशा माणसाला उलट उत्तर ऐकायची सवय नसते.

पण त्या दिवशी ते रागावून बसले नाहीत, कारण वाचायला फार होतं. थेंबांच्या बाटलीवरची मुदत त्यांनी वाचली. पिठाच्या पिशवीवरचा कारखान्याचा पत्ता वाचला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून रिक्षांच्या पाठीवरचे शेर मोठ्यानं वाचले, त्यातला एक इतका आंबट निघाला की शेजारच्या बायकांनी खिडकी लावून घेतली. दुपारी निजामपुऱ्यापर्यंत चालत गेले आणि येताना दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत आले. चष्मा नाही, काही नाही! जुना चष्मा त्यांनी विहारातल्या दानपेटीशेजारी ठेवून दिला, वर चिठ्ठी लावली, 'गरजूंसाठी', आणि ती चिठ्ठी चार पावलं मागं जाऊन वाचूनही पाहिली.

खरं म्हणजे हे भिंगांचं प्रकरण उपटायचं काही कारण नव्हतं. चाळिशी कुणाला लागत नाही? धम्मपालरावांना ती बेचाळिसाव्या वर्षी लागली आणि चोवीस वर्षं नांदली. पण वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा मान एकवीस वर्षं त्यांच्याकडे होता. आषाढी पौर्णिमेला ग्रंथ ठेवायच्या ठवणीपुढे बसायचं ते अश्विन पौर्णिमेलाच उठायचं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. शेजारी त्यांच्या पत्नी चंपाबाई बसायच्या. वंदनेच्या वेळी मेणबत्त्या लावायचं काम चंपाबाईंचं, आणि वाचन संपल्यावर "छान झालं" म्हणायचं कामही त्यांचंच.

गेल्या भाद्रपदात चंपाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर धम्मपालराव पुन्हा वाचायला बसले, तर पानावरची अक्षरं पुसट. एका ओळीवरून डोळा निघायचा तो तिसऱ्याच ओळीवर उतरायचा. काल-परवापर्यंत दिसत होतं, आणि बाई गेली काय, नजर तिच्यामागून गेली काय!

डोळे बिघडल्याची बातमी गल्लीत पसरली आणि सल्ला देणाऱ्यांना काम मिळालं. विहार समितीचे अध्यक्ष वाल्मीकराव म्हणाले, "रडून रडून होतं असं." धम्मपालराव चारचौघांत रडले नव्हते. समोर ज्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात ते मोमीनचाचा म्हणाले, "बादाम भिगोके खाओ, भाई. और इधर खिडकी में मत बैठो, रूई उड़ती है." अंबाडीकडून लग्न होऊन आलेल्या, चंपाबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण हौसाबाई म्हणाल्या, "दादा, मध घाल डोल्यात. माझ्या सासऱ्यानं घातला व्हता." सासऱ्यांना पुढे दिसलं का, असं विचारल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "न्हाय. पन मुंग्या कुठं हायेत ते बरोबर कलायचं."

शेवटी मुलानं, सुगतनं, मनावर घेतलं. तो पूर्ण्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. दिवसभर खोक्यांवरच्या रेघा यंत्राकडून वाचून घेणारा. तो म्हणाला, "पप्पा, मोतीबिंदू धरायला लागलाच आहे, तर मल्टिफोकल टाकून घ्या. जवळचं, मधलं, लांबचं, सगळं एकाच भिंगात. चष्म्याची कटकटच नको."

धम्मपालराव तयार झाले. त्यामागं विहारातलं वाचन होतंच, पण दुसरंही एक कारण होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कपाटात, चंपाबाईंच्या लुगड्यांच्या खाली, एक वही होती.

चंपाबाई बावन्नाव्या वर्षी लिहायला शिकल्या. विहारातच दुपारचा बायकांचा वर्ग भरायचा. हौसाबाई आणि त्या एका सतरंजीवर बसायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हात बसेपर्यंत पेन्सिलीनं लिहा." चंपाबाईंच्या मते त्यांचा हात शेवटपर्यंत बसला नाही, म्हणून त्यांनी शेवटपर्यंत पेन्सिलच धरली. रोज संध्याकाळी विहारातून आलं की पाय धुवायचे, वही घ्यायची आणि दोन-तीन ओळी लिहायच्या. असं बरीच वर्षं चाललं. सुरुवातीला त्या वही नवऱ्यापुढे धरायच्या, "बघा तरी काय लिहिलंय." धम्मपालराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "अक्षर सुधारू दे जरा, मग वाचतो."

म्हणजे खिडकीवरचं "उद्या या" ते घरीही घेऊन यायचे.

तापात चंपाबाईंनी उशाखालून वही काढून त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा. दुसऱ्या कुणाला देऊ नका," म्हणाल्या. ते "हो" म्हणाले. त्यानंतर वही उघडायचा धीर त्यांना झाला नाही; धीर झाला तेव्हा नजर अधू झालेली. मग त्यांनी मनाशी ठरवलं, आता एकदाच नव्या डोळ्यांनी, स्वच्छ वाचायची. चंपाबाईंचा पहिला स्मृतिदिन यायच्या आत. माणूस स्वतःलाही तारीख देतो ती अशी.

आता ऑपरेशनच्या दिवशीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. धम्मपालरावांनी चौतीस वर्षांत न वाचता एकाही कागदावर सही केली नव्हती. दवाखान्यात नर्सनं त्यांचा चष्मा काढून घेतला, डोळ्यांत बुबुळ मोठं करायचे थेंब घातले, आणि मग हातात चार पानी बारीक छापलेला कागद दिला. "काका, सही." डोळ्यांनी दिसावं म्हणून करायच्या गोष्टीचा कागद, आणि तो वाचता येणार नाही अशी पक्की व्यवस्था केल्यावर पुढे केलेला! त्यांना तो पांढरा रुमाल दिसत होता. "यात काय लिहिलंय?" "काही नाही काका, नेहमीचंच." त्यांनी सही केली. हा कागद त्यांच्या खिडकीवर आला असता, तर त्यांनी तो परत पाठवला असता.

असो. पट्टी निघाल्यावर आठव्या दिवशी, डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली म्हणून, त्यांनी घरात कुणी नसताना कपाट उघडलं. वही काढली. हात धुवून बसले. पहिलं पान उघडलं.

पान कोरं होतं.

दुसरं उघडलं. तेही कोरं. मग लक्षात आलं की कोरं नाही, राखाडी आहे. कळकट कागदावर काहीतरी धुरकट हललेलं आहे, पहाटेच्या धुक्यात लांबून माणसं जावीत तसं. चंपाबाई नातवाच्या दप्तरातल्या उरलेल्या थोटकांनी लिहायच्या, त्यातली बरीचशी फिकट उठणारी, आणि पानावर पान घासून होतं तेही पुसट झालेलं. गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं ज्यांना दिसत होती, त्यांना बायकोच्या बोटभर अक्षरातला एक काना दिसेना.

ते तडक दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण आणि सोशिक होते. त्यांनी तक्ता वाचायला लावला; धम्मपालरावांनी तळातली ओळ, खाली छापखान्याचं नाव असतं तेसुद्धा वाचून दाखवलं. डॉक्टर खूश झाले. "नजर उत्तम आहे, काका!"

"बायकोची वही दिसत नाही."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे भिंग येणारा उजेड जवळ, मध्ये आणि लांब असा वाटून देतं, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा कमी येतो. पांढऱ्यावर काळं असेल तर अडचण नाही. राखाडीवर राखाडी असेल तर फरक कमी कळतो, संध्याकाळी तर जास्तच. दिव्यांभोवती कडी दिसतील. मेंदूला सवय व्हायला तीन-सहा महिने लागतात. "भरपूर उजेडात वाचत जा. आणि हे सगळं फॉर्ममध्ये लिहिलं होतं, काका. तुमची सही आहे."

धम्मपालराव घरी आले.

कडी मात्र दिसायला लागली ती खरी. संध्याकाळी निजामपुऱ्यात रिक्षांच्या दिव्यांना, पानवाल्याच्या बल्बला, सगळ्याला गोल गोल कडी. विहारात वाल्मीकराव दिव्याखाली येऊन उभे राहिले, तर त्यांच्या टकलामागे साक्षात प्रभावळ. समितीच्या हिशेबाच्या तारखा पुढे ढकलणाऱ्या माणसाला हा मान मिळावा, याचं धम्मपालरावांना फार वाईट वाटलं.

मग वहीवर उपाय सुरू झाले. वही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं वचन होतं, म्हणून सगळे उपाय त्यांनी एकट्यानं केले, आणि एकट्यानं केलेले उपाय जसे व्हायचे तसे झाले. टॉर्च मारली, तर पान चकाकलं आणि होतं ते धुकंही गेलं. मोठं भिंग आणलं, तर पुसट होतं ते मोठं पुसट झालं. झेरॉक्सवाल्याकडे गेले, त्याला पाठ करून उभं राहायला लावलं आणि स्वतःच्या हातानं पान काचेवर ठेवलं. "डार्क कर," म्हणाले. त्यानं न बघता बटण दाबलं. आतून एक काळं कुळकुळीत पान आलं, त्यात कोपऱ्यात चेंगरलेल्या माशीची आकृती तेवढी स्पष्ट. शेवटी मोबाइलवर फोटो काढायचा प्रयत्न केला. अंगठा कुठं लागला कोण जाणे, तो हललेला राखाडी फोटो त्यांच्या स्टेटसवर जाऊन बसला. दिवसभरात सत्तेचाळीस जणांनी पाहिला. अकरा जणांनी हात जोडले. कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं लिहिलं, 'निःशब्द.'

संघरत्नानं रात्रीचं जेवण वाढताना हळूच म्हटलं, "पप्पा, मी वाचून दाखवू का? मम्मींचं अक्षर मला लागतं."

"नको," ते म्हणाले. जरा जोरात म्हणाले. मग आमटीत बघत म्हणाले, "तिनं मला सांगितलंय."

संघरत्नानं पुन्हा विषय काढला नाही. समजूतदार पोर.

तोवर आषाढी पौर्णिमा आली. ग्रंथ छापील, त्यामुळे वाचता येत होता, पण विहारातली ट्यूब म्हातारी. मोमीनचाचांचे लूम सुरू झाले की ती डोळे मिटायची आणि बंद झाले की उघडायची. धम्मपालराव लूमच्या तालावर वाचायला लागले. पहिल्याच आठवड्यात मागच्या रांगेत कुजबुज झाली, की भाऊंचं वाचन यंदा काही पूर्वीसारखं राहिलं नाही, आता एखाद्या तरुणाला द्यावं. त्यांच्या ते कानावर आलं. भिंगं डोळ्यांत बसवली होती, कान अजून जुनेच होते.

त्यांनी समितीत मागणी केली: ठवणीवर एक मोठा एलईडी दिवा हवा.

दिवा बदलायला स्टूल लागतं. पण समितीचा दिवा बदलायला ठराव लागतो. वाल्मीकराव सावध माणूस, म्हणाले, "मोठा दिवा म्हणजे लोड वाढणार. उद्या मीटर जळलं तर जबाबदार कोण? आधी वीज कंपनीकडे अर्ज करू." कंपनीच्या खिडकीवर कळलं की मीटर दाजींच्या नावावर आहे, अर्जावर सही दाजींची पाहिजे. दाजी म्हणजे ज्यांनी विहाराला जागा दिली ते. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. "मग मृत्यूचा दाखला आणा." दाखला काढायला धम्मपालराव स्वतःच्याच जुन्या खिडकीवर गेले. आत आता हेमाली नावाची मुलगी बसते. तिनं संगणकात पाहिलं, रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि म्हणाली, "काका, यांचा मृत्यू झालेला नाही."

"अगं, मी खांदा दिलाय त्यांना!"

"असेल. पण नोंद नाही. हे बघा." तिनं आवक वही त्यांच्यापुढे फिरवली.

दाजींच्या मुलीनं दिलेल्या अर्जापुढे लाल शाईत शेरा होता: 'कागद अपुरा. परत.' खाली धम्मपालरावांची सही. मुलगी पुन्हा आलीच नसावी. वडील गेलेलं माणूस किती वेळा येणार?

सोळा वर्षांपूर्वीचं स्वतःचं अक्षर त्यांना अगदी स्वच्छ दिसलं. एकेक वेलांटी दिसली. सगळ्या वहीभर तो लाल शेरा जागोजागी होता, आणि सगळीकडे स्वच्छ दिसत होता.

"मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

हेमालीनं त्यांचे कागद पाहिले, एक बाजूला काढला आणि अदबीनं म्हणाली, "हा अपुरा आहे, काका. उद्या या ना."

या खिडकीवरून त्या खिडकीवर असा सगळा श्रावण गेला. भाद्रपदही निघाला. एका दुपारी मितेश वायरमन विहाराचा पंखा बघायला आला होता, त्याला धम्मपालरावांनी सगळी हकीकत सांगितली. तो स्टुलावर उभा राहून हसायलाच लागला. "काका, हा दिवा त्या ट्यूबपेक्षा निम्मी वीज खातो. लोड वाढत नाही, कमी होतो! परवानगी कशाची घेताय?" पाच मिनिटांत दिवा लागला. वाल्मीकरावांनी दोन दिवसांनी सभा बोलावून, दिवा लावायला हरकत नसल्याचा ठराव केला.

दाजींचं मात्र धम्मपालरावांनी सोडलं नाही. त्यांच्या मुलीला शोधून काढलं, प्रतिज्ञापत्रं केली, चौदा खेपा घातल्या. प्रत्येक वेळी "उद्या या" ऐकलं की ते मान हलवायचे आणि उद्या जायचे. सुगत म्हणाला, "पप्पा, आता दिवा लागलाय ना?" ते म्हणाले, "माणूस गेला तर त्याला गेला म्हणावं रे कुणीतरी."

या धावपळीत चंपाबाईंचा पहिला स्मृतिदिन येऊन गेला. भंतेजी आले, परित्राणपाठ झाला, खीर झाली. धम्मपालरावांनी वही फोटोपुढे ठेवली आणि संध्याकाळी तशीच उचलून कपाटात ठेवली. आकाश भरलेलं होतं, घरात दुपारीसुद्धा दिवे लागलेले. प्रत्येक दिव्याला कडं होतं. फोटोपुढच्या मेणबत्तीला तर एकात एक तीन. बाकी सगळ्यांना एकच ज्योत दिसत होती, आणि धम्मपालरावांना इतका उजेड दिसूनही वाचता काही येत नव्हतं.

अश्विन लागला आणि ऊन पडायला लागलं. एका सकाळी, नुकता दिवस वर येत होता, हौसाबाई भाजीची जुडी घेऊन आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"दादा, वाचलीस का चंपीची वही?"

"तुम्हाला काय करायचंय?" धम्मपालराव फटकन म्हणाले.

"मला काय करायचाय! मला न्हाय वाचायची, तुझ्या घरचं हाय ते. वरीस झाला म्हनून इचारलं."

हौसाबाई भाजी निवडायला लागल्या. माणूस भाजी निवडत बसलं की त्याच्यापुढे बोलायला सोपं जातं. धम्मपालराव हळू आवाजात म्हणाले, "दिसत नाही हो मला. सगळं दिसतं. तेवढंच दिसत नाही."

"अरे देवा." हौसाबाईंचे हात थांबले. "मंग हात फिरव ना!"

"हात?"

"आमी दोघी दाबून लिवायचो. नांगर धरल्यावानी. बाई वरडायची, 'हौसाबाई, चंपाबाई, कागद फाटल!' चंपीचं तर मागच्या पानावर उठायचं. आन वही, आन इकडं उन्हात." त्यांनी जुडी उचलली. "मी चालले. माझ्या म्होरं नको उघडू."

त्या गेल्यावर धम्मपालरावांनी वही आणली. ओट्यावर ऊन आडवं येत होतं, जमिनीला घासत. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. बोटाला चऱ्या लागल्या. मग पान उन्हाच्या रेषेत, डोळ्याच्या पातळीला आडवं धरलं, आणि एकेका चरीच्या कडेला बारीक सावली पडली. धुक्यातून माणसं जवळ यावीत तशी अक्षरं वर आली. मोठी, वाकडी, एकमेकांना धरून चाललेली.

चंपाबाई रोज पंचशील म्हणायच्या. त्यातलं कुठलं पाळलं आणि कुठलं मोडलं, ते त्या रोज लिहून ठेवत होत्या. शील पाळणारी माणसं असतात. मोडलेलं लिहून ठेवणारी थोडी.

'आज मुंगी मारली नाही. कुणाचं घेतलं नाही. खोटं बोलले. यांनी विचारलं वाचन कसं झालं. छान झालं म्हटलं. दोन ओळी गाळल्या होत्या.'

धम्मपालरावांनी पान खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

'आज पण खोटं बोलले. तीन ओळी.'

'आज पण. यांना दिसत नाही. सांगितलं तर वाचन सोडतील. मग घरात कुणाशी बोलतील.'

'आज मेणबत्ती चार बोटं ग्रंथाकडं सरकवली. यांना कळलं नाही. एकच ओळ गाळली. कमी खोटं बोलले.'

'अजून दोन बोटं. हात भाजला. ओळ गाळली नाही. आज खोटं बोलले नाही. सगळी शीलं राहिली.'

त्यापुढे पानंच्या पानं तेच होतं. चार बोटं, सहा बोटं, एक वीत. दरसाल आषाढीला मेणबत्ती थोडी थोडी पुढे आलेली, आणि दरसाल "छान झालं" खरं होत गेलेलं. शेवटच्या पानावर, तापाच्या आदल्या दिवशी: 'आज वीतभर. आता याच्यापुढं ग्रंथाला लागेल. उद्या काय करावं.'

ऊन वर चढलं. सावल्या चऱ्यांत बुडाल्या आणि पान पुन्हा कोरं झालं. धम्मपालराव तसेच बसून होते. गेल्या वर्षीच्या भाद्रपदात त्यांच्या नजरेला अचानक काही झालंच नव्हतं. मेणबत्ती जागेवर राहिली होती, एवढंच.

संघरत्ना बाहेर आली. "पप्पा, डोळ्यांतून पाणी येतंय? थेंब घालू का?"

"घाल," ते म्हणाले. थेंब घातले की डोळे पुसायला कारण मिळतं.

अश्विन पौर्णिमेला विहार भरला होता. नवा दिवा लखलखत होता. मागच्या रांगेतली कुजबुजही आता बंद झाली होती. धम्मपालराव ठवणीपुढे बसले आणि पुन्हा उठले. मूर्तीपुढची एक मेणबत्ती त्यांनी उचलली, ग्रंथाशेजारी आणून ठेवली आणि बोटं मोजून चार बोटं पुढे सरकवली.

वाल्मीकराव म्हणाले, "अहो भाऊ, एवढा दिवा आहे की वर! ठराव केलाय आपण."

"असू दे," धम्मपालराव म्हणाले.

मेणबत्तीभोवती तीन कडी उमटली. त्यांच्या उजेडात त्यांनी शेवटचं वाचन केलं. खणखणीत. मध्ये एकदा त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली आणि परत पानावर उतरली ती एक ओळ सोडून. त्यांना कळलं. पण तोवर पुढची ओळ तोंडातून निघून गेली होती.

वाचन संपलं. माणसं जवळ आली. "छान झालं, भाऊ." "यंदा फार छान." हौसाबाईसुद्धा खीर घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ब्येस वाचलंस, दादा." सगळ्यांनी मनापासून सांगितलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले, कपाटातून वही काढली आणि नातवाच्या दप्तरातलं पेन्सिलीचं एक थोटूक मागून घेतलं. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतरचं कोरं पान उघडलं. आपण काय लिहितोय ते त्यांना दिसत नव्हतं. नांगर धरावा तशी पेन्सिल दाबून धरली आणि लिहिलं:

'आज एक ओळ गाळली. कुणालाच कळलं नाही.'